चिठ्ठी आतच असते

आमच्या काचेच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचे प्रमुख म्हणजे पेंढाकाका. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही. पण का ठेवलं ते त्यांच्याकडे एकदा पाहिलं की कळतं. कॉलरमध्ये एक काडी, केसांत दोन, आणि मोज्यांत किती ते त्यांच्या बायकोला माहीत, कारण मोजे तीच झटकते.

आम्ही दिव्यांच्या काचेच्या शेड बनवतो. भट्टीवाल्यांना वाटतं कारखाना भट्टीवर चालतो, घासणाऱ्यांना वाटतं घासण्यावर चालतो. पेंढाकाकांचं मत असं, की ही सगळी मंडळी दिवसभर खपून फक्त फुटण्याजोग्या वस्तू तयार करतात. त्या फुटल्या नाहीत तरच त्यांना माल म्हणायचं, आणि ते काम पॅकिंगचं. पेंढा, जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठ्याचे कोन आणि सुतळी एवढ्या सामग्रीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. कागदाची घडी कुठं दुमडायची, पेंढा कुठं ठासायचा आणि कुठं नुसता पसरायचा, हे प्रत्येक शेडचं वेगळं. ते कुठंही लिहिलेलं नाही. ते काकांच्या हातांत आहे.

घरीही हात स्वस्थ बसत नाहीत. अंडी आणली तर ती अशी बांधून ठेवतात की काकूंना ऑम्लेटचा विचार आदल्या दिवशी करावा लागतो. मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली तेव्हा तिच्या बॅगेवर त्यांनी 'उलटी ठेवू नये' असं लिहिलं होतं आणि झाकणाच्या आतून सामानाची यादी चिकटवली होती. यादीत 'टॉवेल, नग दोन' होतं. तिच्या मैत्रिणी ती यादी बघायला दुसऱ्या मजल्यावरून यायच्या.

तर या काकांची निवृत्ती महिनाअखेरीला ठरली, आणि नेमका त्याच महिन्यात कंपनीने दुसऱ्या गावी नवा कारखाना सुरू केला. तिथल्या पॅकिंगवर एक बाई नेमल्या. हुशार बाई, आधी बाटल्यांच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढलेल्या. पहिली गाडी गुरुवारी पाच वाजता सुटायची होती. मॅनेजरसाहेबांनी काकांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "काका, तुमची पद्धत बाईंना गुरुवारपर्यंत कळली तर ठीक. नाहीतर तिथं फुगेवालं प्लास्टिक गुंडाळून माल जाईल. आणि तिथं प्लास्टिक चाललं, की वरची मंडळी इथंही तेच आणतील."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे स्वतःच बांधलेला डबा सोडेपर्यंत सुट्टी संपते, ते नेहमीचंच. पण त्या दिवशी त्यांनी तो सोडायलाही घेतला नाही.

मग त्यांनी चार दिवस खपून फोटो काढले. उजव्या हातात फोन, डाव्या हाताने काम. एकूण शहाऐंशी. बुधवारी संध्याकाळी ते सगळे मेसेजच्या ॲपवरून बाईंना पाठवले. तासाभराने बाईंचं उत्तर आलं, "काका, फोटो मिळाले. धुक्यात काढलेत का?"

ॲपवरून जाताना फोटो लहान होतात, हे काकांना ठाऊक नव्हतं. शेड दिसत होती, पेंढाही दिसत होता. पण कागदाची घडी, जिच्यासाठी सगळा खटाटोप, ती पुसली गेली होती. काकांच्या मते हे वाहतुकीतलं नुकसान होतं आणि त्याचा पंचनामा व्हायला हवा होता.

गुरुवारी दुपारी ते जेवायला घरी गेले, तेव्हा सुट्टीला आलेल्या मुलीने मार्ग सांगितला. "बाबा, सगळे फोटो एका झिप फाइलमध्ये घालू. ती फाइल म्हणून पाठवायची, फोटो म्हणून नाही. मग ॲप आतल्या फोटोंना हात लावत नाही."

"झिप म्हणजे?"

"खोकं समजा. सगळं एकत्र दाबून भरायचं."

काकांचा घास हातातच राहिला. "दाबून? काच आहे ती."

"काचेचे फोटो आहेत, बाबा. कितीही दाबले तरी उघडल्यावर जसेच्या तसे बाहेर येतात."

काकांनी घास परत ताटात ठेवला. एकतीस वर्षं ज्याच्या शोधात काढली ते खोकं शेवटच्या महिन्यात सापडावं, आणि ते दिसूही नये. काकू म्हणाल्या, "आता यांना घरातलं कपाट त्यात घालायचं सुचू देऊ नकोस."

खोकं म्हटल्यावर काकांची कळी खुलली. त्यांनी फोटोंचे क्रमांक लावून घेतले. मग विचारलं, "सील कुठं मारायचं?"

"सील नसतं. फार तर पासवर्ड घालता येतो. पण त्याची काही गरज नाही."

"सील नाही तर माल जाणार नाही. तू तिकडं बघ." मुलीने तोंड फिरवलं, आणि काकांनी खात्याच्या वहीतला पुढचा सील नंबर एका बोटाने टाइप केला. त्याआधी त्यांनी शिरस्त्याप्रमाणे एक चिठ्ठी लिहिली होती: मालाचं वर्णन, नग शहाऐंशी, सील नंबर, सही. त्या चिठ्ठीचाही फोटो काढून तो खोक्यात सर्वांत वर घातला होता. फोटोला नाव दिलं होतं, 'आधी ही वाचा'.

काका परत आले तेव्हा सव्वातीन झाले होते. आमच्या डिस्पॅचच्या खोलीत ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी बाईंना फोन लावला. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. गुपचूप बोलणं त्यांना चोरटेपणाचं वाटतं.

"बाई, खोकं पोचलं?"

"पोचलं काका. पण ते पासवर्ड मागतंय."

"मागणारच. सील आहे ते."

"मग सांगा नंबर."

"तो तुम्ही मला सांगायचा. मी वहीशी ताडून बघतो."

"मी कुठून सांगू?"

"आत चिठ्ठी आहे. 'आधी ही वाचा' म्हणून."

"हो, नाव दिसतंय तिचं. उघडत नाही."

"का?"

"पासवर्ड मागतेय."

काकांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही खाली बघितलं.

"काका," बाई सावकाश म्हणाल्या, "चिठ्ठी कुलपाच्या आत आहे."

"चिठ्ठी आतच असते. बाहेर लावली तर पावसात भिजते."

"इथं पाऊस कुठला? फोनमध्ये आहे ती."

"मग तर भिजायचं कारणच नाही. आतच बरी."

"अहो, पण तुम्हाला नंबर माहीत आहे ना?"

"मला माहीत नसून कसं चालेल? मीच मारलाय."

"मग सांगा ना."

"फोनवर नाही सांगत."

हा काकांचा हट्ट नव्हता, म्हणजे नुसता हट्ट नव्हता. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका गृहस्थाने फोन करून, आपण गिऱ्हाइकाकडचे आहोत असं सांगून, त्यांच्याकडून सील नंबर काढून घेतला होता. तेव्हा कारखान्यात झुंबरंही बनायची; त्या नंबरावर त्यांची बारा खोकी उचलली गेली. ती झुंबरं आणि तो गृहस्थ पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडले नाहीत. काकांना तीन महिने आवारातल्या फाटकावर उभं केलं होतं. तेव्हापासून नियम असा, की माल घेणारा खोकं उघडेल, चिठ्ठीवरचा नंबर वाचेल आणि काका 'बरोबर' म्हणतील. सत्तावीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता, कारण सत्तावीस वर्षांत खोकं हातोडीने उघडायचं.

चार वाजले. बाईंनी पुन्हा फोन केला. "काका, गाडी येऊन उभी आहे. प्लास्टिकचा रोल पण आलाय."

काकांचा चेहरा उतरला. "किती मोठा?"

"माणसाएवढा."

मॅनेजरसाहेब धावत आले. "काका, अहो नंबर सांगून टाका."

"साहेब, हा नियम मोडायचा नाही, म्हणून तुमच्या आधीच्या साहेबांनी माझी सही घेतली होती."

"ते साहेब आता नाहीत."

"सही आहे."

"बरं, मला सांगा. मी त्यांना सांगतो."

"तुम्ही माल घेणारे नाही. तुम्हाला तर नाहीच सांगता येणार."

साहेबांनी दुसऱ्या गावच्या मॅनेजरला फोन लावला. मग तिसऱ्याच कुणाला तरी. मधल्या वेळात बाईंनी काकांची जन्मतारीख, कारखान्याची जन्मतारीख आणि 'पेंढा' हे सगळं घालून बघितलं. सव्वाचारला त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला नेमकी भीती कसली आहे ते तरी सांगा."

काकांनी वही मिटली. "बाई, मी तुम्हाला पाहिलेलं नाही. आवाज कुणाचाही असू शकतो. त्या गृहस्थाचा आवाज फार गोड होता."

"माझा गोड नाही, असं माझे मिस्टर सांगतात. तुम्ही काहीतरी विचारा. पॅकिंगवालीलाच येईल असं."

काका खुर्चीत सरळ झाले. "खोक्यात शेड ठेवताना आधी बूड की आधी तोंड?"

"बूड. वजन बुडाला असतं."

"नेहमी?"

"नेहमी कशाला? बूड निमुळतं असेल तर तोंड आधी. निमुळतं बूड खाली ठेवलं तर वाटेत पेंढ्यात शिरत जातं, आणि उतरवेपर्यंत पुठ्ठ्याला टेकतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. अत्तराच्या चाळीस बाटल्या फोडल्या तेव्हा कळलं."

काका उठून उभे राहिले. तोतया कितीही पोचलेला असला तरी स्वतः फोडलेल्या बाटल्या अशा सांगत नाही. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "सगळे बाहेर."

आम्ही सात जण, आणि आठवे मॅनेजरसाहेब, असे कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिलो. काकांनी दार लावलं, कडी घातली, खिडकी ओढून घेतली. एवढा बंदोबस्त करून मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चार, एक, शून्य, सात." पलीकडच्या भट्टीवरच्या दोघांनी मान वर करून बघितलं. साहेब भिंतीवरची अग्निशमनाची सूचना लक्षपूर्वक वाचू लागले.

दार उघडलं. फोनमधून बाईंचा आवाज येत होता, "उघडली. चिठ्ठी वाचते. नग शहाऐंशी, सील नंबर तोच. आता म्हणा."

"बरोबर," काका म्हणाले, आणि त्यांनी वहीत खूण केली.

फोटो स्वच्छ होते. घडी न् घडी दिसत होती. बाईंनी माणसं कामाला लावली. साडेपाचपर्यंत सोळा जातींच्या शेड बांधून झाल्या. गाडीवाला कुरकुरत होता, साहेब त्याची समजूत काढत होते. सतरावी जात मोठ्या पातळ शेडची, आणि तिथं काम अडलं.

"काका, या फोटोत तुमचा अंगठा आलाय. खाली काय केलंय ते दिसत नाही."

"पुढचा बघा."

"पुढच्यातही अंगठाच आहे."

काका खट्टू झाले. "त्या अंगठ्याखालीच सगळं आहे, बाई. तिथं कागद किती दाबायचा, तेवढीच मेख आहे. कमी दाबला तर शेड हलते, जास्त दाबला तर कड उडते."

"मग किती दाबू?"

हे काय सांगणार? काकांनी हवेत अंगठा दाबून बघितला. टेबलावर दाबला. साहेबांच्या दंडावर दाबला. साहेब म्हणाले, "दुखत नाही." त्याने काही साधलं नाही.

मग काका म्हणाले, "बाई, तुमचा फोन शेडच्या अगदी जवळ ठेवा. आणि कागद दाबा."

फोनमधून खर्र असा आवाज आला.

"घट्ट झाला. सोडा."

पुन्हा खर्र.

"आता सैल. तुम्ही घाबरलात."

"घाबरणार नाही तर काय? केवढी पातळ आहे ही."

"तिला कळू देऊ नका. परत करा."

काकांनी डोळे मिटले. आठ माणसांची ती खोली, जिथं एरवी कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, तिथं सगळे एका फोनभोवती वाकून कागदाचा आवाज ऐकत होते. साहेबांनी पंखा बंद केला. या वेळचा आवाज वेगळा होता; आधी बारीक खसखस, आणि शेवटी कागद एकदाच चुरल्यासारखा.

"हं," काका म्हणाले. "असा. शेवटी कागद बसल्याचं ऐकलंत का?"

"ऐकलं. हाताखालीही लागलं."

"मग आता मला विचारू नका. बाकीच्या करा."

चोवीस शेड होत्या. काका विचारू नका म्हणाले खरे, पण चोवीसही ऐकल्या. सातवी आणि एकोणिसावी परत करायला लावल्या. सव्वासहाला पलीकडे ताडपत्री ओढल्याचा आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बाईंनी सांगितलं की प्लास्टिकचा रोल भिंतीला टेकवून ठेवलाय, कुणी सोडलाही नाही.

"उद्या दुसरी गाडी आहे, काका. सगळी पातळ काच. मी नऊला फोन करते."

"साडेआठला करा," काका म्हणाले. "नऊला इथं घासणारे येतात. त्यांच्या गोंगाटात कागद ऐकू येत नाही."