लाखेत बसवलेला ब्रश

आलापल्लीच्या आमच्या कचेरीत प्रत्येकाला कसला ना कसला नाद होता. एकाला मासे धरण्याचा, एकाला भजनाचा, आणि हेडक्लार्कना दुसऱ्याच्या चुका काढण्याचा. मला दाढीच्या ब्रशांचा होता. हे सांगितलं की लोक अजूनही हसतात. हसू द्या. पोस्टाची तिकिटं चिकटवणारा हौशी आणि ब्रश करणारा येडा, हे कुणी ठरवलं ते मला एकदा कळायला हवं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून एकच चांदा. मी सागाच्या लाकडांच्या डेपोत कारकून होतो. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या बंगल्यामागे केरात मला एक ब्रश सापडला. मूठ हस्तिदंती, केस मात्र सगळे गळालेले. टाकवेना. घरी आणला, आतलं कुजलेलं कोरून काढलं, आणि याला नवे केस कसे बसवावेत या विचारात जो पडलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

केस रानडुकराचे, मानेवरचे राठ. धानोऱ्याकडचा एक गोंड गडी हिरडा घेऊन यायचा, तो पुडी बांधून आणून द्यायचा. ते रिठ्याच्या पाण्यात भिजवायचे, धुवायचे, वाळवायचे. मग एकेक केस बघून सगळी मुळं एकीकडे आणि सगळे शेंडे दुसरीकडे करायचे. शेंडा फाटलेला असतो, तोच गालाला मऊ लागतो. नंतर शेंडे खाली करून केस एका लहान पेल्यात उभे करायचे आणि पेल्याला टिचक्या मारत राहायचं, म्हणजे जुडीला आपोआप गोल माथा येतो. शेवटी मुळाशी मेण लावलेल्या दोऱ्याने करकचून बांधायचं. या सगळ्यासकट मायने मला गोठ्यात हाकललं होतं.

"डुकराचे केस अन् माह्या घरात? गाय बी नाक मुरडून राह्यली, पाह्य," ती म्हणायची. गायीने कधी नाक मुरडलं नाही. तिला मायपेक्षा समज जास्त होती.

मुठी बाजाराच्या टोकाला एक मुसलमान खरादी होते, लाकूड कातणारे, ते करून द्यायचे. खाटेचे पाय आणि पाळण्याच्या दांड्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मी त्यांना चाचा म्हणायचो. सागाचे वाया गेलेले तुकडे घेऊन जायचो आणि ते खराद ओढत असताना तासन्‌तास बघत बसायचो. केसांची पुडी मात्र त्यांच्या दुकानात कधी नेली नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. एवढं एकमेकांना कळत होतं.

जुडी मुठीत पक्की बसवायला मी लाख वापरायचो. आमच्याकडे दुसरं काय वापरणार? पळसावर लाख, कुसुमावर लाख. विळ्याची मूठ लाखेने बसते, सुरीची बसते, पोस्टातलं पार्सलसुद्धा लाखेनेच बंद होतं. निखाऱ्यावर वितळवायची, मुठीच्या खळग्यात ओतायची, वरून जुडी दाबायची, झालं. हे सांगितलं तेव्हा चाचा खराद थांबवून म्हणाले, "बाबू, लाख गरमीले भेते." ते स्वतः खाटेच्या पायांवर लाखेचा रंग चढवायचे, त्यांना ठाऊक होतं. पण मी पडलो कचेरीतला शिकलेला माणूस. मी म्हणालो, "चाचा, आपल्या इथच्या वैशाखात जे वितळली नाई, ते आणखी कशाले भेईन?" ते हसले आणि पुन्हा खराद ओढू लागले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा नव्हतो.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी स्वतः ब्रशाने दाढी करतच नव्हतो. दर रविवारी न्हाव्यापुढे बसायचो आणि तो हातानेच साबण फासायचा. आचाऱ्याने खानावळीत जेवावं तसलाच प्रकार.

एका पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. बाबा प्राथमिक शाळेचे मास्तर, जन्मभर पहिलीचा वर्ग घेऊन निवृत्त झालेले. उजवा हात लुळा पडला. बोलणं आठ दिवसांत परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागले, हात मात्र गेला तो गेलाच. बाबा रोज पहाटे स्वतःची दाढी स्वतः करत. एक दिवस चुकलेला मला आठवत नाही. "पोरं पाटीकडं नाई, मास्तरच्या तोंडाकडं पाहून शिकते," असं त्यांचं म्हणणं होतं.

आता न्हाव्याला घरी बोलावलं. त्याने बिचाऱ्याने रीतीप्रमाणे हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे वळवलं, आणि बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुन्हा त्यांनी न्हाव्याला येऊ दिलं नाही. दाढी वाढली. ओट्यावर बसणं त्यांनी बंद केलं, कारण रस्त्याने जाणारा प्रत्येक दुसरा माणूस त्यांचा विद्यार्थी. ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. डाव्या हाताने का होईना, दाढी स्वतःची स्वतः करता आली तरच हा माणूस बाहेर येईल, नाहीतर याच खोलीत संपेल, हे मला आणि मायला दोघांनाही कळत होतं.

वस्तरा डाव्या हातात जरा सरावाने चालला असता. अडचण ब्रशाची होती. त्यांच्या जुन्या ब्रशाची मूठ बोटभर जाडीची, ती त्या नवशिक्या हातातून साबणाने निसटायची. मी ओल्या मातीचा गोळा केला आणि म्हणालो, "बाबा, हा आवळा." त्यांनी आवळला. तो वाळवून मी चाचांकडे नेला. चाचांनी त्या मापाची जाड, मध्ये दबलेली मूठ उतरवली, आणि जिथे बोटं रुतली होती तिथे कानसीने खोलगट केलं. मजुरी घेतली नाही. त्यांचा थोरला मुलगा बाबांच्या हाताखाली बाराखडी शिकला होता. जुडी मी माझ्याकडच्या सगळ्यांत उत्तम केसांची बांधली आणि लाखेत बसवली.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी माठातलं पाणी घेऊन त्या ब्रशाने पहिली दाढी केली. पाऊण तास लागला. दोन ठिकाणी कापलं. पण दाढी झाल्यावर ते स्वच्छ सदरा घालून ओट्यावर येऊन बसले आणि सोनं द्यायला आलेल्यांना म्हणाले, "पोरानं केला बरश. पाहा." मला आभाळ ठेंगणं झालं. त्या संध्याकाळी मी ज्याच्या त्याच्या दारी सोनं कमी आणि ब्रशाची हकीकतच जास्त वाटली.

दिवाळीनंतर थंडी पडली. एक दिवस मी कचेरीत गेलेला असताना मायने बाबांना दाढीसाठी चुलीवरचं कढत पाणी दिलं. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी फर्मान काढलं की दाढीला थंडच पाणी पाहिजे. मायने समजावलं, मी समजावलं. ऐकेनात. जंगलातली थंडी, सकाळी माठातल्या पाण्यात बोट घालवत नव्हतं, आणि हा माणूस त्यात ब्रश बुडवून गालाला लावायचा. गाल फुटले. थंडीने डावा हातही कापायचा, मग रोज एखादी जखम ठरलेली. माझा स्वभाव मुळातच तापट. एका सकाळी मी ओरडलो, "काऊन असा हट्ट करून राह्यले? म्हातारपणी हे काय सोंग?" बाबा आरशातून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "थंड्या पाण्यानं कातडी घट्ट राह्यते." मी पाय आपटत निघून गेलो.

पौषात मी वडशाला बहिणीकडे गेलो. हिवाळ्यात तिथे नाटकांचा हंगाम, मेव्हण्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. त्यांचा धानाचा व्यापार. वैशाखात मी त्यांना एक ब्रश भेट दिला होता. बरोबर साबणाची लाकडी पेटीही दिली होती, म्हणून शोभेची वस्तू समजून त्यांनी तो ब्रश तसाच कोरा ठेवलेला. मी आलो म्हणून त्यांनी कौतुकाने तो बाहेर काढला. बहिणीने वाफा निघणारं पाणी आणून ठेवलं. मेव्हण्यांनी ब्रश त्यात चांगला बुडवला, साबणावर फिरवला, गालावर घासू लागले, आणि चार फेऱ्यांत नुसती मूठ त्यांच्या हातात राहिली. केसांची जुडी गालावर फेसात चिकटून बसली होती.

"अहो साळेबुवा," ते म्हणाले, "दाढी माही करायची होती, तुमच्या बरशाचीच झाली ना!" बहीण पदर तोंडाला लावून हसत होती, तिची सासू हसत होती, मीही हसू लागलो. हसता हसता मी ती मूठ हातात घेतली. खळग्यातली लाख मऊ होऊन बोटाला चिकटत होती. आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. बाबांचं थंड पाणी मला आठवलं.

नाटक मी पाहिलं नाही. बहिणीला काहीतरी निमित्त सांगितलं आणि पहिल्या गाडीने निघालो.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. मी सरळ आत गेलो आणि कोनाड्यातला ब्रश उचलला. एवढे दिवस तो रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, पण आपण केलेल्या वस्तूकडे आपण फक्त कौतुकाने बघतो. जुडी जरा तिरकी बसली होती. मुठीच्या काठावर लाख बाहेर ओघळून पुन्हा घट्ट झाली होती, आणि त्या लाखेत अंगठ्याचा ठसा उमटला होता. मोठा, स्पष्ट, डाव्या अंगठ्याचा. त्या कढत पाण्याच्या दिवशी निघून आलेली जुडी बाबांनी एकट्याने, एका हाताने, निखाऱ्यावर लाख मऊ करून परत बसवली होती. अंगठा भाजला असणार. मायलासुद्धा त्यांनी कळू दिलं नव्हतं.

मी ब्रश घेऊन ओट्यावर गेलो आणि त्यांच्यासमोर धरला. "मले सांगतलं काऊन नाई?"

बाबांनी ब्रशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पकडल्या गेलेल्या पोरासारखे जरा ओशाळले. मग म्हणाले, "पहिल्याच पाटीवर चूक काढली का पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाई. चाळीस वर्स हेच पाह्यलं मी."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, माझं लग्न झालेलं होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकं प्रेमही कुणी कधी केलं नव्हतं.  ब्रश कोनाड्यात ठेवला आणि तसाच चाचांकडे गेलो. सगळं सांगितलं. "मी सांगतलं होतं," असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तोच मातीचा गोळा त्यांनी फळीवर जपून ठेवला होता. त्याच मापाची दुसरी मूठ त्यांनी काढली, पण या वेळी भोक आरपार पाडलं. जुडीला तांब्याची तार बांधून ती खालून ओढून घ्यायची आणि लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे लाखेचं नावच नको. जुडी मी घरी गोठ्यात बसवली, आणि रात्र पडायच्या आत ब्रश तयार झाला.

जुना ब्रश अजून माझ्याकडे आहे. मी पुढे पुष्कळ ब्रश दुरुस्त केले, लोकांचे आणि माझे, पण त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः चुलीवरून कढत पाणी काढून पितळी गंजात ओतलं, नवा ब्रश त्यात बुडवला आणि बाबांसमोर उलटा धरून जोरात हलवून दाखवला. जुडी हलली नाही. "आता करा," मी म्हणालो. बाबांनी ब्रश हातात घेतला नाही. त्यांनी डावा हात त्या पाण्यात घातला, मनगटापर्यंत, आणि डोळे मिटून घेतले. पाणी निवेपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही. मग मी चुलीवरून दुसरं आणलं.