थप्पीवर चढलेली मुलगी

घरी तिला मुकी म्हणत. जिभेला काही झालं नव्हतं. त्या घरात जो बोलायचा तो आधी मार खायचा, म्हणून तिने लहानपणीच तोंडाला कुलूप घातलं होतं. बापाने पट्टा काढला की ती माळ्यावर चढून बसायची आणि खाली आई मार खायची. दुसऱ्या दिवशी आई शेजारणीला सांगायची, "पायरीवरून पडले हो." त्या घराला पायरीच नव्हती.

अशी ही मुलगी हिशेब तपासणाऱ्या फर्ममध्ये लागली. तिथे फारसं बोलावं लागत नाही, हेच तिला सगळ्यात आवडलं. महिनाअखेर नोकरी पक्की झाली की खोली भाड्याने घ्यायची आणि आईला कायमची उचलून आणायची, एवढं एकच तिने मनात धरलं होतं.

पहिल्याच कामाला सिनिअरने तिला धान्याच्या गोदामात नेलं. कागदावर लिहिलेला माल खरंच आहे का, ते बघायचं होतं. गोदामवाला मागे मागे फिरत होता. सिनिअरला शिकवायची भारी हौस.

"समोरची पोती मोजायची, उंची धरायची, खोली धरायची, गुणाकार करायचा. खडूने खूण केली की झालं. मग चहा."

"वरून बघायचं नाही?"

"वर कोण मरायला चढतंय?"

ती चढली. चढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वर पोचून पाहते तर थप्पी आतून पोकळ! चारी बाजूंना पोत्यांची भिंत आणि मधे नुसता अंधार.

"सर, आत काहीच नाही!" एवढ्या मोठ्याने ती जन्मात बोलली नसेल.

गोदामवाल्याने अर्ध्यावर चढून तिचा पाय धरला आणि तिला खाली खेचलं. फरशीवर आपटली तशी तोंडात रक्ताची चव आली. वेणी मुठीत धरून त्याने तिचं डोकं भिंतीवर आदळलं, परत आदळलं. तिने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. तेव्हा त्याने पोती ओढायचा लोखंडी हूक उचलला आणि तिच्या खांद्यात रुतवला. एवढा वेळ सिनिअर काय करत होता? पॅड छातीशी धरून उभा होता. मेल्याला साधं ओरडायलाही जमलं नाही. हमाल धावले म्हणून ती वाचली.

दवाखान्यात टाके पडत असताना मात्र सिनिअरला वाचा फुटली. तो तिच्या कानाशी लागला. "साहेबांशी बोललोय. जुनं गिऱ्हाईक आहे गं. थप्पीवरून पडलीस, असं सांग. महिनाअखेर कशाला, आजच पक्की करतो म्हणाले."

इतक्यात आई धापा टाकत आली. डॉक्टरांनी विचारलं, "हे कशाने झालं?" मुलीने तोंड उघडायच्या आत आई सवयीने बोलून गेली, "पडली असेल हो कुठेतरी."

ते ऐकून मुलीच्या अंगाची आग आग झाली. आता बोललं तर नोकरी गेली, खोलीही गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पडले नाही," ती म्हणाली. "मला मारलं. लिहून घ्या. आणि हीसुद्धा कधी पडलेली नाही."

सिनिअरने काढता पाय घेतला. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईने खाली मान घातली आणि हळूच बाही वर सारली.