बिनसोडियमची बाटली

प्रॅक्टिकलच्या वहीत निरीक्षणानंतर निष्कर्ष लिहावाच लागतो. किश्शांचं तसं नसतं. नुसती निरीक्षणं साठत जातात. धोटे सरांचे किस्से माझ्याकडे असेच साठले. पांढुर्ण्याच्या शाळेत ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी प्रयोगशाळा सहायक होतो. ऐंशी सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. हसण्यासारखं बरंच घडलं. हल्ली आठवलं की हसू अर्ध्यावर थांबतं.

*

सर दर शनिवारी पॅसेंजरनं नागपूरला जायचे, पीएच.डी.साठी. ती झाली की तिथल्या कॉलेजात नोकरी पक्की होती. विषय असा: मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनाच्या रूपात निरोप धाडतात. काम झालं की एक प्रथिन तो निरोप पुन्हा पेशीत ओढून घेतं. पण सोडियम आणि क्लोराइडचे आयन त्याला चिकटले तरच. म्हणजे आपलं मीठच.

हेडमास्तर म्हणाले, "मेंदूले मीठ लागते? मंग आपले पोट्टे अळणी निघाले, धोटे!"

*

एकदा परीक्षेच्या कामानं आम्ही सौंसरला निघालो. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. सर मला समजावू लागले, "हे प्रथिन अशीच जीप आहे, भाऊ. दोन सोडियम, एक क्लोराइड बसल्याशिवाय निरोपाले घेऊन हालत नाही."

ड्रायव्हरनं मान वळवली. "अन् पेट्रोल, सर?"

"पेट्रोल नाही लागत. पेशीबाहेर सोडियमची गर्दी, आत कमी. ती गर्दी आत घुसून राहिली, तिच्याच रेट्यानं गाडी चालते."

"म्हणजे धक्का मारून चालते. मंग तर ते माहीच गाडी आहे."

अर्ध्या वाटेत आम्ही दोघं खाली उतरून धक्का मारत होतो.

*

सरांकडे जेवायला बसलो होतो. भाजीत मीठ नव्हतं. सरांनी ताट किंचित पुढे सारलं.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "सोडियम नाही म्हणून आत जाऊन नाही राहिलं का?"

मला पोळी वाढताना हळूच म्हणाल्या, "भाऊ, यंदा होऊन जाईल ना जी यांचं? नागपूरले खोली पाहून ठेवली आहे."

"होईल की, वहिनी." मी बाटल्या धुणारा माणूस, पण बोलून गेलो.

*

नागपूरच्या लॅबमध्ये सरांना टेबल मिळायचं ते दोन तास. म्हणून द्रावणं ते इथेच बनवून न्यायचे. एका बाटलीत सगळं, एकीत क्लोराइड नाही, एकीत सोडियम नाही, त्याच्या जागी पोटॅशियम. डिस्टिल्ड पाणी काढायचं काम माझं.

एका शुक्रवारी यंत्राची कॉइल जळाली. मला बोरगावला साखरपुड्याला जायचं होतं. पाणी दोनच बाटल्यांपुरतं निघालं होतं. तिसरीत मी शाळेच्या विहिरीचं उकळून, गाळून भरलं. विहीर जरा मचूळ, खारटसर चवीची, पण पाणी काचेसारखं दिसत होतं.

"डिस्टिल्डच आहे ना, भाऊ?"

"हो, सर."

मी रोज डायरी लिहितो. त्या दिवशीची नोंद: 'सरांना तीन बाटल्या पाणी दिले.' खोटं एक अक्षर नाही.

*

सोमवारी सर संत्रा बर्फी घेऊन आले. सोडियम नसतानाही निरोप आत गेला होता! थोडाच, पण गेला होता. सगळी पुस्तकं उलट सांगतात. नागपुरात सगळ्यांसमोर फळ्यावर मांडून आले होते.

"पहिला तुकडा तुमचा. बाटल्या तुम्ही भरल्या."

मी खाल्ला.

मग मार्गदर्शकांनी स्वतः तो प्रयोग केला. शून्य. सरांनी इथून ताजी द्रावणं नेऊन पुन्हा केला. तोही शून्य, तोवर मी कॉइल बदलली होती. मार्गदर्शक म्हणाले, "पांढुर्ण्याचे आयन फारच गुणी दिसतात." सगळे हसले. सरांनी नागपूरला जाणं सोडलं, पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपली. मी दर शुक्रवारी ठरवायचो, उद्या सांगू.

*

दोन वर्षांनी सरांची सौंसरला बदली झाली. घरचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. सर प्रयोगशाळेत एकटे दिसले. मी म्हणालो, "सर, ती बिनसोडियमची बाटली..."

त्यांनी टेबलाच्या खणातून तीच बाटली काढली. तळाशी बोटभर द्रावण उरलं होतं. बर्नर पेटवला, प्लॅटिनमची तार द्रावणात बुडवून ज्योतीत धरली. पोटॅशियमची ज्योत जांभळी, सोडियमची पिवळी, हे अकरावीच्या पोरांनाही ठाऊक असतं.

ज्योत हळदीसारखी पिवळी झाली.

"हे कधी पाहिलं, सर?"

"दुसऱ्यांदा शून्य आलं, त्याच हप्त्यात."

"मंग नागपूरले सांगितलं काहून नाही? एका वाक्याचं काम होतं."

सरांनी बर्नर बंद केला. बाटली तीनदा विसळली, पालथी घातली.

"तुम्ही काहून नाही सांगितलं, भाऊ?"