पिवळा चिमटा

चाँद मिस्त्री सिरसाळ्यात पंपाच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. मोटार जळाली की गावाला त्यांची आठवण यायची. २०१३च्या दुष्काळात विहिरींनीच तळ दाखवल्यावर जळायला मोटार चालू होती कुणाची? मग मिस्त्री आपली हौसेची, रिमोटवर चालणारी छोटी बोट घेऊन तलावावर जाऊन बसायचे. जोडीला सुग्रीव मास्तर, त्यांचीही बोट.

दोघांचे रिमोटचे सेट जुने, सत्तावीस मेगाहर्ट्झचे, आणि नेमके एकाच फ्रिक्वेन्सीचे. दोन्ही एकदम चालू झाले की बोट दोन सासवांच्या सुनेसारखी भांबावायची. एकदा मास्तरांची बुडालीही. तेव्हापासून काठावरच्या बाभळीला कपड्यांचा पिवळा चिमटा लटकू लागला. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच सेट चालू करायचा.

त्याच काठावर दूध संस्थेची चारा छावणी होती. एका सकाळी तिला पाणी देणाऱ्या पंपाचा तराफा दोर तुटून तलावात आत सरकला. मध्ये कमरेएवढा गाळ. उतरलेल्या गड्यालाच ओढून काढावं लागलं. सहाशे जनावरांचं पाणी बंद. चेअरमन सुंदररावांना बोट आठवली. तराफ्याला वळसा घालून तिने सुतळी परत आणली, तर सुतळीला बांधून नवा दोर ओढता येणार होता.

बोटीने पोलिसांचा वायरलेस बिघडला तर, ही सुंदररावांची पहिली शंका. मिस्त्रींनी समजावलं, की कमी ताकदीच्या सेटला सत्तावीसवर लायसन लागत नाही. मेहुण्याने परदेशातून आणलेला बहात्तरचा दांडगा सेट मात्र आपल्याकडे बिनलायसन चालत नाही, म्हणून तो पेटीत.

सगळं जमलं, पण बाभळीला चिमटा नव्हता.

मिस्त्री खाली बसले. सुंदरराव तापले. जनावरं हंबरतायत, आणि ह्या माणसाला चिमटा पाहिजे! नाहीतर तो बहात्तरचा काढा म्हणाले.

"त्यो न्हाई काढायचा, साहेब. आन् चिमटा मास्तरकडं असंल तर मास्तर कुटंतरी चालू हाय. बोट मधीच बिथरली, तर सुतळी पंख्यात जाईल. मग बोट बी गेली आन् तराफा बी."

गडी चौफेर धावले. मास्तर तलावाच्या पलीकडच्या वळणावर, टेकाडाआड सापडले. कॉलरला चिमटा, हातात सेट, बोट पाण्यात. सुंदररावांनी ते ऐकलं आणि टोपी काढून डोकं पुसलं.

मास्तरांनी सेट बंद केला आणि पळत येऊन चिमटा मिस्त्रींच्या कॉलरला लावला. बोट निघाली, तराफ्याला वळसा घालून सुतळीसकट परतली. दुपारी हौदात धार पडली.

हौदावर रेटारेटी झाली, तेव्हा सुंदररावांनी स्वतःच नियम केला: हाच चिमटा ज्याच्याकडे, त्याचीच जनावरं हौदावर. पहिल्यांदा चिमटा छावणीत जनावरं घेऊन आलेल्या मालनबाईंना मिळाला. थोड्या वेळाने सुंदररावांचा गडी त्यांची बैलजोडी घेऊन मधेच घुसला, मागून खुद्द सुंदरराव.

मालनबाईंनी पदराचा चिमटा दाखवला. "चेअरमन, तुमचा कुटं हाय?"

सुंदररावांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री बोट पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. चेअरमन बैल घेऊन रांगेत मागे गेले.