चिंच, रेगमाल आणि हुसेन मिस्त्री

ज्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि नुसती बसायला येणारी माणसं जास्त, तिथं किस्से साठतात. आमच्या दुकानात तर दुसरं काही साठण्यासारखं नव्हतंच. निजामाचं राज्य होतं. गावाला सरकारी कागदात उस्मानाबाद म्हणायचे, लोकांच्या तोंडी धाराशिव. अख्ख्या जिल्ह्यात मोटारसायकली बोटावर मोजण्याइतक्या, आणि आम्ही मोटारसायकलीच दुरुस्त करायचं दुकान मांडून बसलेलो. आम्ही म्हणजे हुसेन मिस्त्री. मी त्यांच्या हाताखालचा माणूस, काशिनाथ, जातीनं आणि धंद्यानं तांबट.

तांबट मोटारसायकलीत कसा शिरला, तिथूनच सुरुवात करतो.

मिस्त्रींच्या घरचा तांब्याचा हंडा ठोकून द्यायला मी गेलो होतो. दुकानापुढं डॉक्टरसाहेबांची मोटारसायकल उभी. पावसाळाभर लिंबाखाली राहून तिच्या इंजिनावरची ॲल्युमिनियमची झाकणं पार पांढरी पडलेली. बोट लावलं की भुकटी निघायची. मिस्त्री रॉकेलच्या बोळ्यानं घासत होते आणि झाकण होतं तसंच.

मी सहज म्हणालो, "उस्ताद, चिंच लावून बघा. आम्ही तांब्या-पितळेला लावतो."

मिस्त्रींनी मान वर केली. "ही मोटारसायकल हाय, आमटी न्हाय."

तरी हंडा घरात ठेवून मी बाहेर येईपर्यंत ते चिंचेचा गोळा घेऊन बसले होते. पांढरं सुटत होतं. मग मी जवळ बसलो. आधी जाड रेगमाल, म्हणजे घासायचा कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तुकड्यानं चोळलं. दुपार कलली तेव्हा झाकणात लिंबाची पानं मोजता येत होती.

मिस्त्रींनी झाकणात बघून टोपी नीट केली. मग म्हणाले, "उद्यापासून ये. येताना चिंच घेऊन ये."

* * *

दोन महिन्यांत मला वाटायला लागलं की या कामात आपल्याला सगळं कळतं. दुसऱ्या एका गाडीचं झाकण आलं तेव्हा म्हटलं, कोण बसतंय चिंचेनं चोळत. मिस्त्री बाहेर गेलेले. मी कढईत पाणी उकळलं, त्यात चांगला मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि झाकण आत सोडलं. फसाफसा फेस आला. मला बरं वाटलं. काढून बघतो तर झाकण तव्यासारखं काळं.

असं झाकण दुसरं मिळायचं तर मुंबईहून, आणि तेही मिळालं तर. मिस्त्री आले, त्यांनी झाकण हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाले, "आधी जेव. हे काम उपाशी पोटी होणारं न्हाय."

तीन दिवस घासत होतो. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या पत्नी फातिमाबी घरातून भाकरी घेऊन आल्या. त्यांना आम्ही सगळे आपा म्हणायचो. त्या म्हणाल्या, "सोड्यानं जर्मनचं पातेलं काळं पडतं, हे मला लग्नाच्या आधीपास्नं म्हाईत हाय. इचारायचं न्हाय का?"

आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणायची रीत होती.

मी म्हणालो, "आपा, मोटारसायकलीतलं तुमाला काय विचारायचं?"

"मोटारसायकलीतलं नक्को इचारू," त्या म्हणाल्या. "जर्मनमधलं इचार."

त्यानंतर कुठल्याही झाकणाला काही लावायचं झालं की मिस्त्री आधी घराकडं तोंड करून हाक मारायचे.

* * *

या जर्मन शब्दानं एकदा आम्हाला चांगलंच अडकवलं. तिकडं इंग्रजांची जर्मनीशी लढाई चालू होती. अणदूरचे एक वकील होते, त्यांच्या गाडीची दोन झाकणं आमच्याकडं आली होती. वकीलसाहेब घाईत असायचे. एक दिवस टांग्यातूनच ओरडले, "मिस्त्री, माझे दोन जर्मन आहेत ना आत? नीट झाकून ठेवा, परवा घेऊन जातो."

रस्त्यावर कुणीतरी ऐकलं. तासाभरानं अमीनसाहेब, म्हणजे पोलिसातले अंमलदार, दोन जवान घेऊन दारात.

"जर्मन कुठायत?"

मिस्त्रींना वाटलं, साहेबांनाही काही काम द्यायचं असेल. ते अदबीनं म्हणाले, "आत हायत साहेब. एकाचं झालंय. दुसऱ्याला अजून चिंच लावायचीय."

अमीनसाहेबांनी जवानांकडं बघितलं. जवानांनी लाठ्या सरळ केल्या.

"काही बोलले का?"

"एक पार मुका हाय, साहेब. दुसरा ठोकला की वाजतो."

साहेब स्वतः आत शिरले. मी कोपऱ्यात फडकं घेऊन बसलेलो. मला काहीच कळेना, म्हणून मी दोन्ही झाकणं पुढं केली. साहेब त्यांच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, मग मिस्त्रींकडं. मग जवानांना घेऊन निघून गेले. त्या संध्याकाळी मिस्त्रींना चहा गोड लागला नाही. आता काय होणार, हाच घोर.

दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक जवान डोक्यावर टोपली घेऊन आला. टोपलीत काळी पडलेली पातेली.

"साहेबांच्या घरचे सहा जर्मन," तो म्हणाला. "जुम्म्याच्या आत सोडा म्हणालेत."

* * *

डॉक्टरसाहेबांच्या गाडीच्या एका झाकणाला भेग गेली, ती सांधायला आम्ही सोलापूरला गेलो. सोलापूर इंग्रजांकडं, आम्ही मोगलाईत, म्हणजे निजामाकडं. मधे करोडगिरीचा नाका. नव्या मालावर तिथं जकात बसायची. जाताना झाकण मळकं होतं, कुणी बघितलंही नाही. सोलापुरात सांधून झाल्यावर परतीच्या बसला वेळ होता, तर मी बसल्या-बसल्या ते घासून लख्ख केलं. रिकाम्या हातांना चैन नसते.

परत येताना नाक्यावरच्या कारकुनानं ते धरलं. "हा नवा माल आहे."

"जुनाच हाय, जी. सकाळी इथनंच नेला."

"सकाळी असा नव्हता."

मिस्त्रींनी झाकण त्याच्या हातातच उलटं केलं. आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचं काळं तेल चिकटलेलं. कारकुनाच्या बोटांना लागलं. तो म्हणाला, "मग फक्त बाहेरूनच का घासलं?"

मिस्त्री म्हणाले, "साहेब, लोक बाहेरनंच बघतात. तुमीबी बाहेरनंच बघितलंत."

कारकून हसला आणि त्यानं हात पुसायला आमचंच फडकं मागून घेतलं.

* * *

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या मोटारसायकली लिलावात निघाल्या. परंड्याकडच्या एका देशमुखांनी एक घेतली. त्यांना ती चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "दारात शोभली पाहिजे," एवढंच म्हणणं. आम्ही हिरवा रंग खरवडून इंजिन चकचकीत केलं आणि गाडी बैलगाडीत घालून पोचवली. पुढं वाजंत्री होती.

दसऱ्यानंतर देशमुख आले ते रागातच. गाडीवर सगळीकडं डाग. खंडेनवमीला घरातल्या बायकांनी हळद-कुंकू वाहिलं होतं, वर नारळ फोडला होता, आणि ते सगळं महिनाभर तसंच.

"पूजेनं खराब होती म्हंजे काय?" ते म्हणाले.

मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "तुमच्या देवळातले देव कोण घासतं?"

"पुजारी."

"मग ह्यालाबी एक ठेवा."

तेव्हापासून दरवर्षी दसरा झाला की मी परंड्याला जायचो. पहिल्या पंगतीला पाट मिळायचा आणि म्हाताऱ्या बायका पाया पडायच्या. मी पुजारी नाही, हे एकदोनदा सांगून बघितलं, मग सांगायचं सोडलं.

* * *

तेर गावचा प्रसंग मात्र झाला तेव्हा हसण्यासारखा नव्हता.

डॉक्टरसाहेबांची गाडी दुकानात उघडून ठेवलेली. एका झाकणाला मी नुकताच चिंचेचा जाड लेप दिला होता. एवढ्यात डॉक्टरसाहेबच धापा टाकत आले. मागं तेरचा एक शेतकरी, सायकलवर आलेला, घामानं भिजलेला. त्याची सून दोन दिवसांपास्नं बाळंतपणात अडली होती. बस संध्याकाळशिवाय नव्हती.

मिस्त्रींनी आणि मी मिळून झाकणं बसवायला घेतली. मी चिंच धुवायला पाणी घेतलं तर मिस्त्री म्हणाले, "राहू दे. चिंचेनं गाडी थांबत न्हाय." गाडी मिस्त्रींनी घेतली, डॉक्टर मागं बसले, पेटी मांडीवर, आणि गाडी धुरळा उडवत गेली. तो शेतकरी आमच्या ओट्यावर बसून राहिला. त्याला चहा दिला तर कप हातात तसाच. आपा त्याच्यापाशी बसल्या आणि त्याच्या शेताचं, बैलांचं विचारत राहिल्या. त्याला सायकल हाणवत नव्हती आणि बसवतही नव्हतं.

दिवस मावळायच्या आत गाडी परत आली. मिस्त्रींनी लांबूनच हात वर केला. मुलगी झाली होती आणि आई बरी होती. तो माणूस उठला आणि सायकल उलटी धरून चालायला लागला. मीच ती फिरवून दिली.

मग मिस्त्रींनी सांगितलं. वाटेत इंजिन तापलं तशी चिंच शिजायला लागली होती आणि तिचा वास पार डॉक्टरांच्या कपड्यांत भरला. बाळ-बाळंतीण ठीक आहेत म्हटल्यावर घरातली आजी डॉक्टरांपुढं येऊन म्हणाली, "देवासारखं आलाव. पर वाटंत आमटी-भाकरीला कुठं थांबला व्हतासा?"

* * *

पुढं मोगलाईच्या शेवटाला वाईट दिवसही आले. तेव्हा कुणी कुणाच्या घरी राहिलं आणि कुणी कुणाच्या दारात उभं राहिलं, ते आम्हा दोन घरांना माहीत आहे. त्याचे किस्से होत नाहीत. आता एकच सांगतो आणि थांबतो.

माझं लग्न जमवायचं होतं. मुलगी बघायला जायला वडील आजारी, म्हणून मिस्त्री आले. डॉक्टरसाहेबांनी गाडी दिली. मी दोन दिवस खपून ती घासली होती. मुलीच्या दारात गाडी ओसरीला खेटून लावली आणि आम्ही दोघं ओसरीच्या कडेला सतरंजीवर बसलो.

मुलगी आली. खाली मान. सुपारीचं तबक ठेवलं आणि बसली. तिच्या मामांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं, "गोदावरी." पण नजर सगळा वेळ गाडीच्या इंजिनावर. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मी मनातून खचलो.

येताना मिस्त्रींनी विचारलं, "कशी वाटली?"

"मला आवडली. पर ती इंजिनाकडंच बघत होती."

"मग घासलेलं वाया न्हाय गेलं," ते म्हणाले.

चार दिवसांनी होकार आला. लग्न झालं. पंधरा दिवसांनी एका सकाळी चुलीपाशी बसलो होतो. गोदावरी माझ्याकडं बघत होती, नीट, समोरून. म्हणाली, "एक सांगू का? त्या दिवशी मान वर करायची सोय नव्हती, म्हणून मी तुम्हाला त्या झाकणात बघितलं. नाक ह्या कानापासून त्या कानापर्यंत दिसत होतं."

झाकण बाकदार होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी म्हणालो, "अगं, मग हो कशाला म्हणालीस?"

तिनं भाकरी उलटली.

"शेजारी मिस्त्रींचं नाकबी तेवढंच दिसत होतं ना."