तिलाही न जुमानणारा नियम

क्रांती गारगोटी गावची. मंगळवार पेठेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, आणि अशी खमकी की विचारू नका. ऑफिसात कोड लिहायच्या नियमांचा कागद भिंतीला चिकटवलेला होता, त्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. "कागदावरचा नियम पाळतंय कोण?" म्हणत तिनं सगळ्यात मोलाचा नियम थेट प्रोग्राममध्येच घातला.

काम एका फौंड्रीचं होतं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारी अवाढव्य बादली, म्हणजे लॅडल, कॉम्प्युटरच्या हुकमानं झुकायची. प्रोग्रामिंगच्या भाषेतच सोय होती, ती वापरून क्रांतीनं 'झुकव' हा हुकूम परवान्याला बांधून टाकला. परवाना द्यायचा फक्त कॅमेऱ्यानं, लॅडलपुढं माणूस नाही हे बघून. कुणी परवाना टाळून आडवाटेनं 'झुकव' लिहिलंच, तर प्रोग्राम तयारच होणार नाही.

आणि फौंड्रीत पहिल्याच दिवशी कॅमेरा रुसला! लॅडल काठोकाठ भरलेलं आणि स्क्रीनवर नुसतं राखेसारखं धुरकट. क्रांती बसली होती त्या केबिनमधून लॅडलची पुढची बाजू दिसत नव्हती. लोखंड आतच थिजलं असतं तर लॅडलचं वाटोळं झालं असतं.

"कोण न्हाय तिथं! सगळ्यांस्नी मी सोता बाहेर काढलंय," तिच्या कंपनीचे मालक अभिराम सर खेकसले. "काढ की ती अट!"

"सर, पण..."

"पण न्हाय आन बिन न्हाय! नोकरी पायजे का नको?"

एवढी खमकी पोर, पण तिथं मोडली. नोकरी घालवून गावी कुठल्या तोंडानं जायचं? तिनं खोटा परवाना लिहिला. प्रोग्रामनं नाकारला. दुसरीकडून शिरून बघितलं, तर परत नकाराची लाल ओळ. तिचाच नियम तिला दाद देईना.

"आयला, सोताच्या घरात शिरता येईना व्हय तुला?" सर ओरडले. आता नियमच मुळापासून उपटायचा म्हणून क्रांतीनं नियमाचीच फाइल उघडली.

तेवढ्यात स्क्रीन लख्ख झाली.

लॅडलच्या बरोबर पुढं, शिडीवर, फौंड्रीतला जोतीराम फिटर उभा होता. कुणाला न विचारता आत शिरून, खांद्यावरच्या टॉवेलानं कॅमेऱ्याची काच पुसत होता.

क्रांतीनं चटका बसल्यासारखे हात मागं घेतले.

"ताई, दिसतंय का आता?" जोतीरामनं तिथनंच हाळी दिली.

क्रांतीला रडू फुटलं. "दिसतंय दादा," ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "पहिलं तिथनं बाजूला व्हा!"