मोटारींची चालचलणूक

माणसांवर संशय घेणारे पेडण्यात घरटी एक सापडेल, पण मोटारींच्या चालचलणुकीवर संशय घेणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. नोकरीभर ते बसने कचेरीत गेले आणि बसनेच परतले. पण मोपाचा विमानतळ झाला आणि केरीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या महागड्या, बुटक्या मोटारी त्यांच्या दारावरून गुरगुरत जाऊ लागल्या, तसे मामा खुर्ची घेऊन ओट्यावर बसले ते बसलेच.

त्यांनी या मोटारींच्या जाती पाडल्या होत्या, आणि एकही जात बरी नव्हती. लाल गाडी म्हणजे नवऱ्याशी भांडून माहेरी आलेली. चूक तिचीच असते म्हणून आवाज मोठा. काळी म्हणजे मयताच्या घरी येऊन हळूच जमिनीची चौकशी करणारा पाहुणा. पांढरी देवळात सगळ्यांच्या पुढे, वर्गणीच्या वेळी सगळ्यांच्या मागे. मामांचा विश्वास एकाच वाहनावर होता, दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलवर. ती येण्याआधी भोंपू वाजवते आणि पाव देऊन गुपचूप निघून जाते. मी माझ्या गावाहून, सर्वणहून, माझी जुनी गाडी घेऊन गेलो की तिच्याभोवतीही एक फेरी व्हायची. "जावयबापू, तुमची गाडी तुमच्यासारकीच. चढाव दिसलो की इचार करूक लागता." परतताना चढावावर मीच तिच्याकडे संशयाने पाहू लागलो.

पण त्यांचा खरा राग होता तो वेगळ्याच गोष्टीवर. "बसूक सीटी बघा, दोनच! ज्या गाडयेत घरच्यांक जागा ना, तिचो भरवसो कसो धरूचो?" मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मामा आणि त्यांची एकुलती मुलगी शमा, एवढीच माणसं. तेव्हा या वाक्यात मला फक्त विनोद दिसला.

मग शमाने सावंतवाडीकडचा एक मुलगा पसंत केला. तो आला लाल गाडीतून. पुढच्या खेपेला काळीतून, त्यापुढे पांढरीतून. मामा हादरले. "दर खेपेक नवो स्वभाव! ह्या भुरग्याक सोताचो स्वभावच ना." मी समजावलं की तो भाड्याच्या गाड्या विमानतळावरून केरीला पर्यटकांकडे पोचवतो, वाटेत इथे थांबतो. "म्हणजे दुसऱ्याच्या स्वभावान फिरता? ता तर आणिक वायट!" शमा आठवडाभर बापाशी बोलली नाही. शेवटी मामांनी निरोप धाडला की स्वतःच्या गाडीने ये, मग बघू.

मुलगा आला. अंगणात चपला काढून उभा राहिला. मामांनी त्याच्या मागे रस्त्यापर्यंत नजर टाकली.

"गाडी खंय?"

"माजी गाडी नाय, काका. बशीन इलंय."

फेरी मारायला काहीच नव्हतं, तेव्हा मामांनी त्या पोराभोवतीच एक फेरी मारली. मग पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तिका नेतलंस खंय?"

"हंयच, पेडण्यात. खोली बघून ठेवलंय. शमा म्हणता, बाबा एकटे पडतले."

मामा पाणी आणतो म्हणून आत गेले. पाणी शेवटी शमानेच आणलं. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. इतकी वर्षं ते गाड्यांकडे बघत नव्हतेच, त्यातली एखादी आपल्या पोरीला कुठे नेईल, याची धास्ती घेऊन बसले होते.

लग्नानंतर शमाच्या नवऱ्याने एक जुनी, साधी गाडी घेतली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे नव्याने घेतलेली गाडी आधी गावच्या राखणदार देवापुढे न्यायची. गाऱ्हाणं मामांनीच घातलं. "बा म्हाराजा, ही गाडी तुज्या पायाकडे हाडली हा. दिसूक गरीब आसा, पण गरीब दिसणाऱ्यांचोच भरवसो ना. तिका बरी बुद्धी दी. चलवणाऱ्याक पण दी."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. नवा जावई सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

नारळ फुटला. मामांनी गाडीभोवती फेरी मारली, मागचं दार उघडून सीट हाताने दाबून पाहिली आणि अगदी मधोमध बसले. पुढच्या सीटवरून शमाने हात मागे केला, तो त्यांनी धरला.

"काय मामा," मी खिडकीतून विचारलं, "कसला स्वभाव?"

"अजून कळूक ना, जावयबापू," मामा म्हणाले. "थोडी वर्सां बसून बघूक व्हया."